विंचवाचा मुक्काम

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे सतत हिंडणारा, कुठेच न टिकणारा जीव असतो. बदलीच्या नोकरीतला कारकून, दौऱ्यावरचा नाटकवाला, दर अकरा महिन्यांनी खोली सोडणारा भाडेकरू ह्यांना ही म्हण आपण सढळ हाताने बहाल केली आहे. प्रत्यक्षात विंचू फारसा हिंडत नाही. पिल्ले पहिली कात टाकीपर्यंत मादी त्यांना पाठीवर वागवते, त्यावरून म्हण आली असावी. पण तेवढे दिवस ती बहुधा दगडाखाली वा एखाद्या फटीत बसून असते. एरवीही कित्येक जातींचे विंचू बिळाच्या तोंडाशी दबा धरून भक्ष्याची वाट पाहत राहतात. बिऱ्हाड पाठीवर असणे आणि भटकत असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांला साठीच्या उंबरठ्यावर, अमेरिकेतील युटा राज्यात, पंचवीस फूट लांबीच्या एका भाड्याच्या आरव्हीत बसून समजले.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. त्यातले कोणते मत कोणाचे, हे ओळखण्याच्या फंदात वाचकांनी पडू नये. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर ते आमचे आम्हांलाही खात्रीने सांगता येत नाही.

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, चाकांवरचे घर. पलंग, शेगडी, फ्रिज, बेसिन, शौचालय आणि पुढे चालकाची जागा. ह्या वाहनाचे चित्र मराठी मनाला चटकन भुरळ घालते, कारण हवे तेथे थांबावे, हवे तेव्हा निघावे, असे त्यात दिसते. वस्तुस्थिती जरा निराळी आहे. हे वाहन गाडीही आहे आणि घरही आहे. मात्र ते जेव्हा गाडी असते तेव्हा घर नसते, आणि घर असते तेव्हा गाडी नसते. निघायचे म्हणजे कपाटांना कड्या लावा, बरण्या आडव्या करून टॉवेलात गुंडाळा, विजेची केबल काढा, पाण्याची नळी निथळून गुंडाळा, गॅस बंद करा, जमीन असमान म्हणून चाकांखाली दिलेले ठोकळे काढा. पोचल्यावर हेच सारे उलट्या क्रमाने. सवय नसलेल्यांचा दोन्ही वेळचा मिळून दीड तास सहज जातो. नुसते दूध आणायचे म्हटले तरी सगळा संसार उठवून दुधाला न्यावा लागतो. म्हणूनच अनुभवी मंडळी मोठ्या आरव्हीच्या मागे एक लहान मोटार बांधून आणतात, किंवा घर वेगळे आणि ते ओढणारा ट्रक वेगळा असा संसार थाटतात. आमच्याकडे दोन्ही नव्हते. आमच्याकडे यादी होती.

ही गोष्ट २०१४ सालच्या ऑक्टोबरातली. युटाच्या पर्यटन खात्याने आपल्या पाच राष्ट्रीय उद्यानांची ‘मायटी फाइव्ह’ ह्या नावाने जाहिरात सुरू केली त्याला वर्ष झाले होते. पाचही पाहायची आणि जाताजाता कोलोरॅडोतले मेसा व्हर्डे, मॉन्युमेंट व्हॅली आणि ग्रँड कॅन्यन उरकायचे, असा आमचा चौदा दिवसांचा बेत. ‘उरकायचे’ हे क्रियापद आम्ही तेव्हा खरोखरच वापरले होते. लास वेगासला गाडी ताब्यात घेतली, पंधराशे मैलांचे पैसे आगाऊ भरले (भाडे दिवसाचे निराळे आणि मैलांचे निराळे) आणि निघालो.

पहिले चार दिवस यादीप्रमाणे गेले. झायनमध्ये दोन रात्री. तिथल्या १९३० साली खुल्या झालेल्या, मैलभराहून लांब बोगद्यातून आरव्ही न्यायची तर त्या वेळी पंधरा डॉलर भरून समोरची वाहतूक थांबवून घ्यावी लागे. कमानीला छत घासू नये म्हणून आपण बोगद्याच्या मध्यावरून जायचे. अर्धा रस्ता आपला नसतो, इथे तो पुरा आपला असतो, म्हणून तर अधिक भीती वाटते. ब्राइसमध्ये एक रात्र. पहाटेच्या प्रकाशात ते नारिंगी दगडी सुळके आतून पेटल्यासारखे दिसले, आणि ती एक पहाट पुरेशी होती असे आजही आमचे मत आहे. एका रात्रीची वस्ती नेहमी उथळच असते असे नव्हे. तेथून बारा क्रमांकाच्या रस्त्याने पुढे निघालो. बोल्डर गावाच्या अलीकडे हा रस्ता डोंगराच्या अशा अरुंद कण्यावरून जातो की दोन्ही खिडक्यांतून फक्त खोली दिसते. पुढे तो साडेनऊ हजार फुटांवर चढतो. चालवणाऱ्याचे हात चाकाला आणि शेजारच्याचे हात बाकाला चिकटलेले. दुपारी उतरून कॅपिटॉल रीफला पोचलो तेव्हा चालवणाऱ्याची पाठ धरली होती. बिऱ्हाड पाठीवर घेण्याचा हा परिणाम, असा विनोद त्या रात्री झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसता येईना तेव्हा तो विनोद राहिला नाही.

त्या उद्यानाच्या नावातला ‘रीफ’ हा शब्द समुद्रातल्या खडकाचा. जहाजाला जशी खडकांची रांग आडवी येते तशी ही शंभर मैल लांबीची दगडी घडी जमिनीवरून येणाऱ्या वाटसरूंना आडवी येई, म्हणून हे नाव. वाट अडवते म्हणून नाव पडलेल्या ठिकाणी आमची वाट अडली.

मुक्कामाची जागा मात्र नशिबाने मिळाली. तांबड्या कड्यांच्या कुशीत, फ्रेमाँट नदीच्या काठी फ्रुटा नावाचे गाव होते. १८८० च्या दशकात मॉर्मन कुटुंबे येथे येऊन वसली. दहाबारांहून अधिक घरे कधीच नव्हती. त्यांनी नदीचे पाणी पाटांनी खेळवून चेरी, जर्दाळू, पीच, नाशपाती, सफरचंद अशा बागा लावल्या. १८९६ साली बांधलेली एका खोलीची शाळा अजून उभी आहे. ती १९४१ साली बंद पडली. पुढे सरकारने जमिनी विकत घेतल्या, माणसे गेली, बागा राहिल्या, आणि उद्यानाची माणसे त्या आजही राखतात. हंगामात बाग तोडणीसाठी खुली असली की झाडाखाली उभे राहून हवी तेवढी फळे खावीत, पैसे पडत नाहीत; बाहेर न्यायची असली तर तिथेच ठेवलेल्या काट्यावर तोलून पेटीत पैसे टाकावेत. आरव्ही आणि तंबू लावायची जागा ह्या बागांच्या मधोमध आहे. त्या वर्षी तेथे आगाऊ आरक्षण नव्हते. येईल त्याने मोकळी जागा गाठावी, पाकिटावर तारीख आणि किती रात्री राहणार ते लिहावे, पैसे घालून ते लोखंडी पेटीत टाकावे. आम्ही पहिल्या पाकिटावर ‘१’ लिहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘१’. तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘१’, आणि त्या दुपारी भांडण झाले.

भांडण बाहेरून पाहता क्षुल्लक होते. मोआबचे आरक्षण बुडाले होते, मेसा व्हर्डे हातचे जाणार हे दिसत होते. एक बाजू अशी की आता पाठ बरी आहे, सावकाश गेलो तर निदान मोआब तरी पदरात पडेल. इतक्या लांब येऊन, इतके पैसे भरून एकाच झाडाखाली बसायचे तर ओहायोतल्या अंगणातले झाड काय वाईट होते? दुसऱ्या बाजूला युक्तिवाद नव्हताच, केवळ निघू नये अशी इच्छा होती. शब्दाने शब्द वाढला, आणि कोणीतरी म्हणाले, “वाईलाही आपण असेच जात होतो.”

कोण म्हणाले ते महत्त्वाचे नाही. त्यानंतर संध्याकाळपर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

वाईला आमच्यापैकी एकीची आई राहत असे. आम्ही १९८६ साली देश सोडला; त्यानंतर दर दोन वर्षांनी तीन आठवडे जायचे, हा नियम कसोशीने पाळला. तीन आठवड्यांत पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, झालेच तर एखादे लग्न गोव्यात. सगळ्यांना भेटलेच पाहिजे, कोणाचे मन दुखावता कामा नये. भाड्याच्या मोटारीत बॅगा कायम भरलेल्या. वाईत शिरलो की मोटार वाड्याच्या दिंडीशी उभी राही, आणि चपला पायांतून निघण्यापूर्वी आईंचा प्रश्न येई, “मुक्काम आहे ना?” आम्ही म्हणत असू, “आहे की. उद्या संध्याकाळपर्यंत.” त्या “बरं” म्हणत आणि आत जाऊन चहा टाकत. पुढे कधी त्यांनी तक्रार केल्याचे आठवत नाही. जावयाशी तर त्या नेहमीच, “तुम्हांला केवढी धावपळ,” असे काळजीने बोलत. २०१२ च्या डिसेंबरातली ती शेवटची भेट. बावीस दिवसांच्या सुटीत वाईला तीन रात्री, त्याही दोन तुकड्यांत. २०१४ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. तेव्हा अंत्यदर्शनाला पोचू शकलो नाही. तेराव्यापर्यंत मात्र राहिलो, आणि त्या घरात सलग इतके दिवस आम्ही लग्नानंतर प्रथमच काढले.

त्या दुपारनंतर काही साक्षात्कार झाला असे आम्ही लिहिणार नाही, झाला नाही. दुसऱ्या दिवशी पाकिटावर ‘३’ लिहिले, एवढेच. मग आणखी एकदा ‘२’. एकूण आठ रात्री.

मुक्कामाविषयी लिहिणारे लोक त्याच्या कंटाळ्याविषयी लिहीत नाहीत, म्हणून ते आधी सांगतो. पाचव्या दिवशी भयंकर कंटाळा येतो. दूध संपते. सर्वांत जवळचे गाव टॉरी, अकरा मैलांवर. शेजारच्या ट्रेलरवाल्या वृद्ध जोडप्याने आपल्या ट्रकमधून नेले नसते तर आम्हांला पुन्हा सारे बिऱ्हाड उठवावे लागले असते. शिवाय माणसाने एके जागी किती दिवस राहावे हे आरव्हीत अखेर वैराग्य ठरवीत नाही, सांडपाण्याची टाकी ठरवते. तिथे वीजपाण्याची जोडणी नव्हती. आमची टाकी पाचव्या दिवशी भरली. तेव्हा आपली जागा गेली नाही हे जगाला कळावे म्हणून तिथे दोन खुर्च्या आणि दोरीवर वाळत घातलेला पंचा ठेवून, घर हळूहळू चालवत आवाराच्या टोकाशी नेले, टाक्या रिकाम्या केल्या, पाणी भरले आणि परत आणले. तीनशे यार्डांचा प्रवास. आमच्या सबंध सहलीतला हाच प्रवास सर्वांत काळजीपूर्वक झाला असे म्हणता येईल.

कंटाळ्याच्या पलीकडे मात्र काही सुरू झाले. पहिल्या दिवशी समोरचा कडा नुसता तांबडा होता. सहाव्या दिवशी त्याचे थर वेगळे दिसू लागले: खाली चॉकलेटी, मध्ये राखी-हिरवट पट्टा, त्यावर तांबडी उभी भिंत, आणि सर्वांत वर त्या पांढरट घुमटांचा खडक, ज्यांच्यावरून ‘कॅपिटॉल’ हे नाव पडले. सकाळी ऊन भिंतीवरून खाली उतरते आणि संध्याकाळी वर चढत जाते, हे आम्ही घड्याळ लावावे तसे वापरू लागलो. लांब कानांची हरणे दोनदा येत, पडलेली सफरचंदे खात. त्यांतले एक डाव्या मागच्या पायाने लंगडे. एका दिवसाच्या प्रवाशाला ‘हरणे’ दिसतात, ‘ते लंगडे’ दिसायला चौथा दिवस उजाडावा लागतो. दोन मैल चालत जाऊन फ्रेमाँट संस्कृतीच्या लोकांनी कड्यावर कोरलेली चित्रे आम्ही तीनदा पाहिली: चौकोनी खांद्यांची माणसे, शिंगे वळलेल्या रानमेंढ्या. हे लोक नदीकाठी मका पेरीत आणि शिकारीला दूरवर जात. इसवी सनाच्या तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास त्यांच्या खुणा येथून नाहीशा होतात. तिसऱ्या वेळी प्रथमच एका चित्राखाली दुसरे, जवळजवळ पुसलेले चित्र असल्याचे लक्षात आले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायचे तर ह्याच वाहनाच्या पोटी इंग्रजीत दोन अगदी भिन्न पुस्तके जन्मली आहेत. जॉन स्टाइनबेकने १९६० साली एका ट्रकवर छोटे घर बसवून घेतले, डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याचे नाव रोसिनान्ते ठेवले, चार्ली नावाचा कुत्रा सोबत घेतला आणि देशाला वळसा घातला. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ १९६२ साली आले, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले. पुस्तकाचा पूर्वार्ध रमतगमत जातो. उत्तरार्धात लेखक अक्षरशः घराकडे पळतो, आणि घर गाठण्याच्या कितीतरी आधी, व्हर्जिनियात, प्रवास संपल्याचे सांगून टाकतो. दुसरे पुस्तक एडवर्ड ॲबीचे. तो १९५६ आणि १९५७ च्या उन्हाळी हंगामात, आमच्या यादीतून गळालेल्या मोआबजवळच्या आर्चेसमध्ये वनरक्षक होता आणि सरकारी ट्रेलरमध्ये राहत होता. ट्रेलरला चाके होती, पण तो हलत नव्हता. त्यातून १९६८ साली ‘डेझर्ट सॉलिटेअर’ झाले, आणि मोटारीतून न उतरता निसर्ग पाहू इच्छिणाऱ्यांवर त्यात जी आग पाखडली आहे ती वाचताना आमचे कान अजून गरम होतात. गंमत अशी की दोघांनीही काळाशी थोडी लबाडी केली. ॲबीने एकाहून अधिक हंगाम एकात मिसळले. स्टाइनबेकच्या पुस्तकात तो जितक्या रात्री ट्रकमध्ये एकटा दिसतो तितक्या त्याने काढल्या नव्हत्या, पुष्कळशा हॉटेलांत काढल्या, हे २०११ च्या सुमारास पुढे आले. फिरणाऱ्याने आपण अधिक एकटे होतो असे भासवले, थांबलेल्याने आपण सलग थांबलो असे भासवले. ह्या दोन लबाड्यांचा तौलनिक अभ्यास कोणीतरी करावा.

ॲबीचा तो पहिला हंगाम १९५६ चा, आणि दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ही १९५६ चे. चैत्र ते फाल्गुन, बारा महिने, आणि पाहणारा डोळा एकाच जागी मुरलेला. मराठीत ‘प्रवासवर्णन’ म्हटले की आपल्याला फिरणेच आठवते. ‘ऋतुचक्र’ आपण ललितलेखनाच्या खणात ठेवतो. ही वाटणी आम्हांला आता जरा शंकास्पद वाटते. इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख कोणत्या खणात ठेवणार? वारी चालते, पण दर वर्षी त्याच वाटेने. रोजचा मुक्काम ठरलेला, गाव ठरलेले. आणि संन्याशाला गावात फार रेंगाळू नये अशी आज्ञा देणाऱ्या परंपरेने त्यालाच पावसाळ्यात चातुर्मास एके ठिकाणी बसायला लावले, पायांखाली जीवजंतू मरू नयेत म्हणून. फिरणे आणि थांबणे हे तिथे स्वभाव नव्हते, ऋतू होते. आम्हांला टॉरीला नेणारे ते वृद्ध जोडपे दर ऑक्टोबरात फ्रुटाला येई, शक्य तर त्याच झाडाखालची जागा पकडी. त्यांना पर्यटक म्हणणे आमच्या जिभेवर येईना. ते वारकरीच.

अर्थात हा सारा विचार ज्यांना घर आहे त्यांचा. जेसिका ब्रूडरचे ‘नोमॅडलँड’ (२०१७) आणि त्यावरचा २०२० चा चित्रपट आम्ही नंतर पाहिला. त्यातल्या माणसांची घरे गेली आहेत. ती हंगामी कामांमागे जातात, बीटच्या कापणीला, गोदामांतल्या पार्सलांना. सरकारी मोकळ्या जमिनीवर सर्वसाधारणपणे चौदा दिवस राहता येते, मग उठावे लागते. त्यांच्यासाठी थांबावे की फिरावे हा प्रश्न नाही. उठायला कधी सांगतील, हा आहे. फ्रुटातल्या त्या आठ रात्रींचे कौतुक लिहिताना हे विसरलो तर ते ॲबीच्या शिव्यांनाही पात्र ठरणार नाही.

नवव्या दिवशी सकाळी कपाटांच्या कड्या लावल्या, बरण्या गुंडाळल्या, ठोकळे काढले. लंगडे हरीण आले होते. शेजारच्या आजोबांनी आम्हांला मागे पाहून हाताने दिशा दाखवत गाडी बाहेर काढून दिली आणि विचारले, पुढच्या वर्षी येणार ना? आम्ही दोघांनी एकाच वेळी दोन निरनिराळी उत्तरे दिली.

वाटेत एक रात्र काढून लास वेगासला गाडी परत केली. काउंटरवरच्या मुलीने मैलांचा आकडा पाहिला, पुन्हा बाहेर जाऊन पाहून आली. सातशेच्या आसपास. पंधराशेचे पैसे भरले आहेत, ती जराशा अजिजीने म्हणाली, न वापरलेल्या मैलांचे परत मिळत नाहीत. काही अडचण आली होती का? पाठ धरली होती, असे आम्ही सांगितले. तिने ते फॉर्मवर लिहून घेतले.